देणगी बिटकॉइनमध्ये घ्यावी का?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरातील काही हौशी मंडळी शहराची जुनी छायाचित्रे, तालमींच्या नोंदी आणि पंचगंगेच्या महापुरांची माहिती जमवून ती सर्वांना विनामूल्य पाहता येईल अशा ऑनलाइन संग्रहात ठेवतो. सर्व्हरचा खर्च वर्गणीतून भागतो. मूळचे शाहूपुरीचे आणि आता अमेरिकेत राहणारे एक गृहस्थ बिटकॉइनच्या रूपात मोठी देणगी देऊ इच्छितात. आमच्या गटाची नोंदणी झालेली नसल्याने ती एका सभासदाच्या मोबाइलवरील वॉलेटमध्ये (बिटकॉइन ठेवण्याच्या अ‍ॅपमध्ये) घ्यावी, असे काहींचे म्हणणे आहे. हे योग्य होईल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. देणगीदारांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी आभासी चलने, बाळगणे भारतात बेकायदाही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये याबाबत बँकांवर घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले. खरा प्रश्न आहे तो ही रक्कम कोणाच्या नावावर जमा होणार, हा.

वॉलेट सभासदाचे असेल, तर कायद्याच्या दृष्टीने बिटकॉइनही त्यांचेच. नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून वर्षभरात मिळालेल्या अशा भेटींचे मूल्य पन्नास हजारांच्या वर गेले, की ते संपूर्ण मूल्य त्यांच्या करपात्र उत्पन्नात धरले जाते. पुढे विक्रीत नफा झाला तर त्यावर ३० टक्के कर लागतो, आणि भाव कोसळून तोटा झाला तर तो इतर कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. शिवाय वॉलेटची किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस शब्दांची यादी असते. तो कागद हरवला, किंवा त्या सभासदाचे काही बरेवाईट झाले, तर पैसे परत मिळवून देणारी कोणतीही बँक मागे उभी नसते. एका स्वयंसेवकाच्या खांद्यावर एवढा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते.

याहून महत्त्वाची बाब नागरिकत्वाची आहे. हे गृहस्थ अजूनही भारतीय पासपोर्टधारक असतील, तर त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र ते जन्माने कोल्हापूरचे असले आणि त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओळखपत्र) असले तरी, २०१० च्या परकीय अंशदान कायद्यानुसार ते परकीय देणगीदारच ठरतात. हा कायदा नोंदणी नसलेल्या गटालाही लागू होतो. अशी देणगी घेण्यासाठी केंद्रीय गृहमंत्रालयाकडील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. बिटकॉइनच्या वाटेने गेल्यास ही अट टळेल, असे कोणी सुचवत असेल तर त्यांना तिथेच थांबवावे.

मोठ्या प्रकल्पांनीही यावर विचार केला आहे. विकिपीडिया चालवणारे विकिमीडिया फाउंडेशन २०१४ पासून क्रिप्टो स्वीकारत होते. स्वयंसेवकांनी चर्चा करून बहुमताने विरोध नोंदवल्यावर मे २०२२ मध्ये त्यांनी ते बंद केले. तिथे एक मुख्य आक्षेप बिटकॉइनसाठी लागणाऱ्या प्रचंड विजेचा होता. इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये व्यवहार पडताळण्याची पद्धत बदलून आपला वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटवला, त्यामुळे हा आक्षेप सर्व चलनांना सारखा लागू होत नाही. बिटकॉइनला मात्र तो आजही लागू आहे. दुसरीकडे, जुनी संकेतस्थळे आणि पुस्तके जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकी ऑनलाइन संग्रहाने अनेक वर्षे बिटकॉइन घेतले आहेत. पण त्यांच्याकडे नोंदणीकृत संस्था आहे, हिशेब ठेवणारी माणसे आहेत आणि त्यांचा कायदा वेगळा आहे. आपल्याकडे सध्या यातले काहीच नाही.

आपला संग्रह उभा आहे तो लोकांनी विश्वासाने घरातले अल्बम आपल्या हाती दिले म्हणून. गल्लीतले मंडळ पावतीपुस्तकावर नाव लिहून वर्गणी घेते आणि उत्सवानंतर जमाखर्चाचा फलक लावते. निदान तेवढी पारदर्शकता आपल्याही हिशेबात असायला हवी.

देणगीदारांना प्रथम त्यांचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, हे मोकळेपणाने विचारावे. तो भारतीय असेल, तर गटाची सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी करून न्यासाच्या नावे बँक खाते उघडावे आणि त्यांनी बिटकॉइन स्वतः विकून रक्कम त्या खात्यात पाठवावी, असे सुचवावे. तो अमेरिकी असेल, तर परवानगी मिळेपर्यंत रुपयांतसुद्धा काही घेऊ नये आणि पुढचे पाऊल सनदी लेखापालांच्या सल्ल्यानेच टाकावे. निर्णय कोणताही झाला, तरी तो सभेत ठराव करून इतिवृत्तात नोंदवावा, म्हणजे उद्या विचारणा झाल्यास उत्तर एकट्या सभासदाला द्यावे लागणार नाही.