1 मेला उजनी धरणात हौशी पोहण्याची आणि कयाकची (वल्ह्याच्या अरुंद होडीची) स्पर्धा घेतोय. लाईफ जॅकेट आणि ॲम्ब्युलन्स ठेवली की पुरेल का?

नाही पुरणार. या दोन्ही गोष्टी घोळ झाल्यावर कामाला येतात, आणि तुम्ही दिलेलं वेळापत्रक वाचलं तर घोळ त्यातच बसलेला आहे. सोलापूरचं मंडळ, साठ-सत्तर हौशी स्पर्धक, आधी ध्वजारोहण, मग पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन, साडेनऊला पहिली शिट्टी आणि दुपारी जेवण-बक्षीस, असं तुम्ही लिहिलंय. मी सोलापूर जिल्ह्यात अशा हौशी स्पर्धांना काठावर शिट्टी घेऊन उभा असतो, म्हणून स्पष्टच सांगतो: तुमचं सगळ्यात मोठं संकट पाणी नाही, साडेनऊ हा आकडा आहे.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी पहाटे ताटात ओतल्यासारखं असतं. ऊन चढलं की जमीन तापते, वारा सुटतो, आणि एवढ्या लांबरुंद उघड्या पाण्यावर त्याला अडवणारं काही नसतं. दहा-अकराच्या सुमारास लाट उठायला लागते. नवखा पोहणारा लाटेत तोंड वर काढतो तेव्हा श्वासाबरोबर पाणी घेतो, आणि तिथून पुढे त्याचं गणित बिघडतं. दुपारनंतर वळवाचे ढग जमले तर बघायलाच नको. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीतच कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती रोजच्या वाटेवरची होडी होती. रोज ये-जा करणाऱ्यांना वाऱ्याने वेळ दिला नाही, तर आपल्या भाड्याच्या कयाकवाल्यांना काय देणार?

आता 1 मेला काय होणार ते बघा. पाहुण्यांना त्या दिवशी आणखी दोन-तीन ठिकाणी झेंड्याला जायचं असतं. ते साडेनऊला येत नाहीत, साडेदहाला येतात. मग सत्कार, नारळ, दोन शब्द. तोवर पोरं उन्हात उघडी उभी, घशाला कोरड, सकाळचा नाश्ता जिरलेला किंवा नुकताच दुसऱ्यांदा झालेला. साडेअकराला चाळीशीचा पारा आणि उठलेली लाट यांच्यात तुम्ही साठ माणसं पाण्यात सोडणार. म्हणून पहिला सल्ला, आणि बाकी काही वाचलं नाही तरी चालेल: उजाडताना सुरुवात करा, नऊच्या आत शेवटचा माणूस काठावर घ्या, आणि पाहुण्यांना फक्त बक्षीस समारंभाला बोलवा. बक्षीस देताना फोटोही चांगले येतात, हे त्यांना पटवायला सोपं जातं.

शक्य असेल तर 1 मेच सोडा. पावसाळ्यानंतर धरण बहुतेक वर्षी भरलेलं असतं आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळचा वारा शांत असतो. गार पाण्यात जास्त वेळ राहिलेला माणूस कुडकुडतो, त्यासाठी कोरडे टॉवेल आणि चहा काठावर लागतो. धुकं असेल तर ते विरेपर्यंत थांबायचं. फक्त संक्रांतीचा आठवडा नको, सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेत पोलीस आणि ॲम्ब्युलन्स दोन्ही गुंतलेले असतात. आणि भिगवणच्या बाजूला जाऊ नका, रोहित पक्ष्यांच्या मधून होड्या काढणं बरं दिसत नाही.

मे महिन्यातच घ्यायची असेल तर जागा नव्याने बघावी लागेल, कारण उन्हाळ्यात उजनी खूप खाली जाते. पाणीसाठा उणे टक्क्यांत, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पाणी हटलं की काठाला गाळ उघडा पडतो, वरून वाळलेला आणि आत मांडीपर्यंत रुतवणारा. पाण्याखाली बाभळीची खोडं असतात, तुटलेली मासेमारीची जाळी असतात, धरणात गेलेल्या गावांच्या विहिरी असतात. डिसेंबरात पाहिलेली जागा मेमध्ये तीच राहत नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी स्थानिक कोळी बांधवांना घेऊन होडीतून सगळा मार्ग फिरा, लांब बांबूने तळ चाचपा, जिथे बांबू अडकला तिथे लाल फडकं लावा. तळ त्यांना माहीत असतो. काठावरून सूर मारायला सक्त बंदी ठेवा. कमरेएवढ्या पाण्यात डोक्यावर पडून मान मोडली की माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो.

तुमच्या मंडळातल्या कोणीतरी पर्याय म्हणून नदीपात्र सुचवलंय. वाळू उपशाने पात्रात कुठे गुडघाभर आणि पुढच्या पावलाला दोन पुरुष असं झालंय, शिवाय वर धरणातून पाणी सोडलं की पातळी बदलते. हौशी लोकांना तिथे नेऊ नका. हिप्परग्याच्या तलावावर जायचं म्हणाल तर तिथून शहराला पाणी जातं, परवानगीची वाट बघावी लागेल. सिद्धेश्वर आणि कंबर तलावाच्या पाण्यात तोंड घालायला मी स्वतः सांगणार नाही.

मार्ग आखताना एक चूक जवळजवळ सगळे करतात: या काठावरून त्या काठावर. दिसायला भारी, पण मधोमध कोणी दमला तर दोन्हीकडून लांब. मार्ग काठाला समांतर ठेवा, साधारण दोनशे मीटरच्या फेऱ्या, ज्याला जेवढ्या जमतील तेवढ्या. खुणेला प्लॅस्टिकचे ड्रम, खाली दगडांची गोणी, वर नारिंगी कापड. सकाळचा सूर्य पूर्वेला असतो, म्हणून नजर ठेवणारे शक्यतो पूर्वेच्या अंगाला, पाठीवर ऊन घेऊन उभे राहतील अशी जागा निवडा. डोळ्यांवर तिरीप येत असेल तर पन्नास मीटरवरचं डोकंही दिसत नाही. टोप्या भडक नारिंगी किंवा गुलाबी. निळी किंवा पांढरी टोपी पाण्यात आणि फेसात हरवते.

सगळ्यांना एकदम सोडू नका. दहा-दहाच्या तुकड्या, सारख्या वेगाची माणसं एकत्र. कयाक आणि पोहणारे एकाच वेळी पाण्यात नकोत.

लोकांचा समज असतो की बुडणारा माणूस हात हलवतो, ओरडतो. तसं सहसा होत नाही. तो उभा असल्यासारखा दिसतो, डोकं मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असलेले. ओरडायला श्वास लागतो, तोच त्याच्याकडे नसतो. हे काही सेकंद, फार तर मिनिटभर चालतं आणि तो खाली जातो. म्हणून प्रत्येक होडीत दोघं हवेत, एक वल्ह्यावर, दुसरा फक्त बघायला. बघणाऱ्याच्या खिशात मोबाईल नको, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी माणूस बदला, नजर थकते. इंजिनाची बोट असेल तर ती बाहेरच्या बाजूला ठेवा. पोहणाऱ्याजवळ जाताना इंजिन बंद, नाहीतर वाचवायला गेलेला पंखाच कोणाला तरी कापेल.

एवढं करूनही माणूस नजरेतून सुटू शकतो, म्हणून मोजणी. यासाठी माझ्याकडे एक प्लायवूडचा फळा आहे, त्यावर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला नंबराचा पत्र्याचा बिल्ला. पाण्यात जाताना बिल्ला काढून टेबलावरच्या माणसाकडे द्यायचा, बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने परत अडकवायचा. दंडावर तोच नंबर मार्करने. रिकामा खिळा म्हणजे माणूस पाण्यात. एका स्पर्धेत एक खिळा रिकामा राहिला, होड्या फिरायला लागल्या, काठावर सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. आणि तो गडी अर्ध्यातून दमून दुसऱ्याच बाजूने बाहेर पडून स्टॉलमागे शेंगाचटणी-भाकरी खात बसला होता. मला राग आला नाही. फळ्याने त्याचं काम केलं होतं. पण तेव्हापासून मी सुरुवातीला सगळ्यांना एकच दम देतो: स्पर्धा सोडलीत तरी चालेल, बिल्ला न लावता निघून गेलात तर पुढच्या वर्षी नाव घेणार नाही.

जॅकेटबद्दल. भाड्याने येणाऱ्या जॅकेटांत निम्म्यांचे पट्टे कुजलेले असतात आणि आतला फोम दाबून चपटा झालेला असतो. घालून, पट्टे आवळून, खांद्याला धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मग प्रत्येक जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात माणूस तरंगतो का बघा. आतल्या लेबलवर तरंगवण्याच्या जोराचा न्यूटनमध्ये आकडा असतो: 50 चं जॅकेट पोहता येणाऱ्याला आधार देण्यापुरतं, न पोहणाऱ्याला किमान 100 चं. कयाकवर सगळ्यांना, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. होडीतल्या कोळ्यांनाही, ते हसतील, तरी घालायला लावा.

कोणी बुडताना दिसला तर मित्र उडी मारतो आणि एकाचे दोन होतात, ही बातमी आपल्याकडे दर उन्हाळ्यात येते. काठावर दर पंचवीस-तीस पावलांवर वीस मीटर दोरी बांधलेला, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा तेलाचा कॅन ठेवा. आधी काठी किंवा पंचा पुढे करायचा, मग कॅन फेकायचा, मग होडी. पाण्यात उतरायचं ते फक्त शिकलेल्या माणसाने आणि शेवटी. आदल्या दिवशी मंडळाच्या पोरांकडून कॅन फेकून घ्या. पहिल्या फेकीत दोरी स्वतःच्याच पायात अडकते.

बाहेर काढलेल्याचं पोट दाबायचं नाही, उलटा धरून गरगर फिरवायचं नाही. जुनी माणसं पुढे येतील, त्यांना बाजूला करा. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, मदत येईपर्यंत. बुडणाऱ्याचा जीव हवेअभावी जातो, म्हणून नुसती छाती दाबून भागत नाही. हे येणारे निदान चार जण काठावर हवेत. जो पाण्याखाली जाऊन आला आणि खोकतोय, तो "मला काही झालं नाही" म्हणाला तरी दवाखान्यात जाणार. फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. 108 ला आधी कळवा, पण ती गाडी त्या वेळी दुसऱ्या अपघाताला गेलेली असू शकते, म्हणून ऑक्सिजन असलेली एक गाडी जागेवर हवी. ती पेशंट घेऊन टेंभुर्णीकडे निघाली की दुसरी येईपर्यंत पाण्यात कोणी उतरायचं नाही.

हे शेवटचं वाक्य अमलात कोण आणणार, हा खरा प्रश्न आहे. अध्यक्षांना प्रायोजक दिसतात, खजिनदाराला मंडपाचा खर्च. म्हणून स्पर्धा थांबवायचा अधिकार तिसऱ्याच माणसाकडे द्या, ज्याचा त्यात पैसा आणि मान दोन्ही अडकलेला नाही. कधी थांबवायचं ते आदल्या रात्री कागदावर लिहून अध्यक्षांची सही घ्या: लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसला, गडगडाट ऐकू आला (मग शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, आणि विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलवर ठेवायचं), लांबचा ड्रम दिसेना, मोजणी जुळेना, एक होडी कोणालातरी काढण्यात गुंतली. यातलं काहीही झालं की तीन लांब शिट्ट्या आणि सगळे बाहेर. डीजेचं विचारलंय, तर त्याचं उत्तरही इथेच आहे: पाण्यात माणूस असेपर्यंत डीजे बंद. शिट्टी ऐकू आली पाहिजे.

राहिला "मी स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे" हा फॉर्म. निष्काळजीपणाने माणूस गेला तर त्या सहीने आयोजक सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तरी फॉर्म घ्या, पण त्यावर फिट येते का, दमा आहे का, छातीत दुखतं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, उघड्या पाण्यात आधी पोहलाय का आणि घरच्यांचा नंबर हे विचारा. ट्रायथलॉनमधले (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग स्पर्धा) बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यातच होतात आणि त्यात हृदयाचं कारण मोठं असतं, त्यामुळे चाळिशीपुढच्या स्पर्धकाला डॉक्टरची चिठ्ठी मागायला लाजू नका. फिट येणाऱ्याला नम्रपणे वेळ मोजायच्या टेबलावर बसवा. आदल्या रात्री ज्यांची पार्टी झालीय त्यांनाही तिथेच जागा करा.

परवानगीसाठी जलसंपदा खातं, तहसील आणि पोलीस ठाणं या तिन्हीकडे महिनाभर आधी अर्ज टाका, आणि त्यासोबत मार्गाचा नकाशा आणि वरचा थांबवण्याचा कागद जोडा. साहेब दोन प्रश्न कमी विचारतात.