पाय आरपार कसे?

प्रश्न : मुलीला चित्रकलेची आवड आहे. तिच्यासाठी मोबाईलवरचं एक चित्र कलर प्रिंट करून आणलं, कामावरनं सुटलेल्या कामगारांचं. पण पुढच्या माणसाचे पाय आरपार दिसतात, त्यातनं मागचा रस्ता दिसतो! दुकानदार म्हणतो शाई कमी पडलेली नाही, चित्रच तसं आहे. खरं काय?
– एक वाचक, माधवनगर (सांगली)

उत्तर : दुकानदाराचं बरोबर आहे हो, पैसे अडवले असतील तर देऊन टाका. हे नॉर्वेच्या एडवर्ड मुंक या चित्रकाराचं 'घरी परतणारे कामगार', १९१३-१४ सालचं. मुंक म्हणजे तोच 'किंकाळी'वाला, पुलावर कानावर हात धरून उभा राहिलेला माणूस काढणारा.

आता पाय. सुट्टी झालीय, सगळा लोंढा आपल्या अंगावर येतोय, आणि चालत्या माणसाचा पाय काय एका जागी थांबून दिसतो होय, आपण बघेपर्यंत तो पुढं गेलेला असतो, म्हणून मुंकनं कडा तेवढ्या ठेवल्या आणि आत रस्ता राहू दिला, असं मला तरी वाटतं. डोळ्याला दिसलं तसं काढण्यापेक्षा मनावर उमटलं तसं काढायचं, एक्सप्रेशनिस्ट म्हणतात त्या चित्रकार मंडळींचं हेच. मधल्याची नजर बघा, थेट आपल्यावरच. मूळ चित्र दोन मीटर उंच आणि सव्वादोन मीटर रुंद आहे, ऑस्लोच्या मुंक म्युझियममध्ये. ए-फोरवर त्याचा दम कळत नाही, निदान ए-थ्री तरी काढा.

आणि हे आपल्यापासनं लांबचं वाटून घेऊ नका. किर्लोस्करवाडी, आपल्याकडची कारखान्याची वसाहत, वसली १९१० ला, म्हणजे मुंक तिकडं हे रंगवत होता तेव्हा आपल्याकडंही माणसं कारखान्यातनं सुटून घरी चालली होती. गंमत म्हणजे ती वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकला शिकायलाच मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेलेले, पण रंग नीट ओळखू येईनात म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले.

मुलीला शिफ्ट सुटायच्या वेळी कुपवाड एमआयडीसीत घेऊन जा, वही-पेन्सिल द्या आणि सांगा, नुसते पाय काढ म्हणावं. मी एकदा बसलो होतो, अर्ध्या तासात पानावर उतरलं काय तर एक चप्पल, सायकलचं पॅडल आणि डब्याची पिशवी. माणूस कधीच घरी पोचलेला.