राखून ठेवलेली वही

वह्या, दैनंदिन्या आणि पेने या विषयावर या सदरासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी फिरून एकाच तक्रारीवर येतात: वही सुरेख आहे, पेनही चांगले आहे, पण दोन्ही कपाटात पडून आहेत. त्यातले पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी संगणक क्षेत्रात नोकरी करते. दिवसभराचे काम पडद्यावर होते आणि कामांची यादीही फोनमध्येच असते. तरीही अप्पा बळवंत चौकातून जाताना वह्यांच्या दुकानात शिरल्यावाचून राहवत नाही. घरी अकरा कोऱ्या वह्या साठल्या आहेत. हाताने लिहिल्याचा खरोखर काही फायदा होतो, की ही नुसती हौस आहे? (एक वाचक, पुणे)

हौसेला 'नुसती' म्हणण्याचे काही कारण नाही. फायद्याबद्दल जे सरसकट बोलले जाते ते मात्र थोडे तपासून घ्यावे. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या अमेरिकी संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते, की लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान जवळजवळ शब्दशः उतरवतात; हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नसल्यामुळे ऐकता ऐकताच गाळावे लागते, स्वतःच्या शब्दांत मांडावे लागते, आणि म्हणून आशयावरच्या प्रश्नांत ते पुढे राहतात. हे आता सर्वांना पाठ झाले आहे. पण २०२१ साली हाच प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या संशोधकांना शब्दशः उतरवण्यातला फरक दिसला, तरी परीक्षेतली आघाडी काही दिसली नाही, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तेव्हा वहीमुळे बुद्धी वाढते असे मी म्हणणार नाही.

माझे कारण याहून लहान आहे. वहीत खोडलेले दिसत राहते. माझ्या गेल्या वर्षीच्या वहीत मे अखेरच्या एका पानावर 'कौले परतणाऱ्याला फोन' असे चार वेळा लिहून तीनदा खोडलेले आहे, आणि चौथ्या वेळी पेन इतके दाबले गेले आहे की मागच्या पानावर वळ उठला आहे. फोनमधल्या यादीत तीच ओळ मी निमूटपणे एक दिवस पुढे सरकवली असती आणि तिच्या अंगावर माझ्या आळसाची एकही खूण राहिली नसती. शिवाय यादी लिहायला म्हणून फोन हातात घ्यावा, तर तेवढ्यात कोणाचा तरी निरोप आलेला असतो. दहा मिनिटांनी फोन खाली ठेवताना यादी लिहायची राहिलेलीच असते. वहीत दुसऱ्या कोणाला काही पाठवता येत नाही, हा तिचा मोठाच गुण आहे. त्यातच खिडकीचे माप लिहिता लिहिता खिडकीचे चित्र काढता येते, समासात बाण ओढता येतो, आणि ज्ञ किंवा ळ कुठे दडला आहे हे शोधत बसावे लागत नाही.

उलट शोधणे, बेरीज करणे, दुसऱ्याला पाठवणे आणि वेळेवर आठवण देणे यांत फोनच सरस आहे. डॉक्टरांची वेळ फोनमध्येच ठेवावी, कारण वही वाजत नाही.

राहिल्या अकरा वह्या. त्यांतली सर्वात कमी आवडती वही काढावी आणि पहिल्या पानावर वाण्याची यादी लिहावी, तीही घाईघाईने. सुवाच्य अक्षरात एखादा सुविचार लिहून वहीचा श्रीगणेशा केला की पुढे प्रत्येक पान त्या पहिल्या पानाला शोभावे असे वाटू लागते, आणि तिसऱ्या पानानंतर ती वही राखून ठेवली जाते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि शाईच्या पेनाने लिहिते. बहुतेक वह्यांत शाई फुटते आणि मागच्या पानावर उमटते. पावसाळ्यात तर फारच. दुकानदार म्हणतात, जास्त जीएसएमचा कागद घ्या. तेवढ्याने भागेल का? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

तेवढ्याने भागत नाही. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, याहून अधिक काही नाही. ए-फोर आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर भरतो, म्हणून ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद बरोबर पाच ग्रॅम भरतो. वजन वाढले की कागद सहसा जाड होतो आणि मागून दिसणे कमी होते. पण शाई धाग्याधाग्यांतून पसरणार की जागेवर वाळणार, हे कागदाला खळ किती आणि कशी दिली आहे यावर ठरते. कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंची जाळी, आणि दिव्याची वात जशी तेल ओढते तसे हे तंतू पाणी ओढतात. शाईच्या पेनातली शाई बहुतांशी पाणीच असते. खळीने त्या तंतूंची तहान कमी होते. तोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद अवघा ५२ जीएसएमचा असूनही शाईच्या पेनाने लिहिणाऱ्यांमध्ये नावाजला गेला, तो यामुळेच. उलट शंभर जीएसएमच्या जाड आणि महागड्या वहीतही टिपकागदावर लिहिल्यासारखी अक्षरे पसरलेली मी पाहिली आहेत. आपल्याकडचे जुने कागदी, म्हणजे हाताने कागद बनवणारे कारागीर, हा व्यवहार ओळखून होते. पोथ्यांच्या कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरू अडखळत नसे आणि शाई वर राहत असे. आज भेट म्हणून मिळणाऱ्या हातकागदाच्या खरबरीत वह्या मात्र बऱ्याचदा घोटलेल्या नसतात. त्या पेन्सिलीसाठी किंवा बॉलपेनासाठी ठेवाव्यात.

वही घेण्याआधी तिच्या शेवटच्या पानावर, दुकानदाराला विचारून, आपल्याच पेनाने ळ, ष्ठ आणि ज्ञ लिहून पाहावेत. ळ ची दोन्ही पोटे मोकळी राहिली आणि ष्ठ मधला ठ भरून गेला नाही, तर कागद चालेल. नंतर एका जागी निब टेकवून तीनपर्यंत मोजावे आणि पान उलटून पाहावे. पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा धरतो, त्यामुळे मार्चमध्ये पसंत पडलेली वही जुलैमध्ये दगा देऊ शकते. तेव्हा वापरातली वही उघड्या फळीवर न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवावी. बारीक निबही उपयोगी पडते. देवनागरीत वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे एवढ्याशा जागेत दाटीवाटीने बसतात, त्यामुळे रोमन लिहिणाऱ्याला जी निब मध्यम वाटते ती आपल्याला जाडच पडते. जपानी कंपन्यांची बारीक निब युरोपीय बारीक निबेपेक्षा सहसा आणखी बारीक असते, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : दर जानेवारीत मी तारखा छापलेला चांगला प्लॅनर विकत घेतो. फेब्रुवारीत तो बंद पडतो. ही माझ्यातली उणीव, की प्लॅनरमधली? (एक वाचक, नाशिक)

निम्मी उणीव प्लॅनरमधली आहे. तारीख छापलेले पान रिकामे राहिले की ते जाब विचारते, आणि चार दिवसांची कोरी पाने पाहिल्यावर पाचव्या दिवशी ते उघडायचा धीर होत नाही. शिवाय त्यात प्रत्येक दिवसाला सारखीच जागा असते. आपले दिवस असे एका मापाचे नसतात. लग्नघरातल्या दिवसाला चार पाने पुरत नाहीत आणि तापात काढलेल्या दिवसाला एक ओळ पुष्कळ होते.

मराठी घरांत सर्वाधिक चाललेला प्लॅनर पाहायचा असेल तर स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहावे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या 'कालनिर्णय'च्या चौकोनांत किती घरांनी दुधाचे खाडे, गॅसच्या टाकीची तारीख आणि मोलकरणीच्या सुट्ट्या लिहिल्या असतील, याची मोजदाद करता येणार नाही. तो चालतो याची कारणे साधी आहेत. तो डोळ्यांसमोर असतो, शेजारी दोरीला पेन टांगलेले असते, घरातले कोणीही त्यावर लिहू शकते, आणि तिथे सुंदर अक्षराची अपेक्षा कोणी करत नाही. आपला महागडा प्लॅनर मात्र बॅगेत असतो, बॅग गाडीत असते, आणि त्यात लिहायचे ते ठरावीक पेनानेच, असे आपण ठरवलेले असते.

यंदा साधी शंभर पानी एकरेघी वही घ्या. पानांना क्रमांक द्या, पहिले पान अनुक्रमणिकेसाठी सोडा, आणि तारीख ज्या दिवशी लिहाल त्या दिवशीच घाला, म्हणजे न लिहिलेला दिवस वहीत दिसणारच नाही. महिना संपला की उरलेली कामे हाताने नव्या पानावर उतरवा. रायडर कॅरोल या अमेरिकी गृहस्थाने २०१३ साली 'बुलेट जर्नल' या नावाने लोकांपुढे ठेवलेल्या पद्धतीतले हेच कलम मला सर्वात मोलाचे वाटते. एखादे काम तिसऱ्यांदा लिहिण्याचा कंटाळा आला, तर ते काम मुळात करायचेच नव्हते, हे तिथल्या तिथे कळते. त्या पद्धतीभोवती पुढे जमलेल्या रंगीत पट्ट्या, चिकटचित्रे आणि वेलबुट्ट्या आवडत असतील तर जरूर कराव्यात, पण कामे उरकण्याशी त्यांचा संबंध नाही.

प्रश्न : वडिलांचे चाळीसएक वर्षांपूर्वीचे, ड्रॉपरने शाई भरायचे पेन सापडले. शाई उतरत नाही. थोडी उतरली की मध्येच मोठा थेंब पडतो. गरम पाण्यात उकळावे का? (एक वाचक, इंदूर)

उकळू नये. जुन्या पेनांचे एबोनाइट (कडक केलेले रबर) गरम पाण्याने रंग सोडते आणि सेल्युलॉइड (एक जुने प्लॅस्टिक) वाकडे होते. स्पिरिटही लावू नये. पेन उघडून निबेकडचा भाग साध्या पाण्याच्या वाटीत रात्रभर बुडवून ठेवावा, सकाळी पाणी बदलावे, आणि पाणी नितळ दिसेपर्यंत हे तीन-चार दिवस करत राहावे. निबेखालच्या जिभेतली बारीक खाच वाळलेल्या शाईने बुजलेली असते. त्या खाचेतून शाई खाली येते आणि तिची जागा घ्यायला हवा वर जाते. ही देवघेव थांबली की पेन थांबते. टाचणीने कोरण्याचा मोह टाळावा, कारण खाच एकदा रुंद झाली की शाई आवरत नाही.

थेंब पडण्याचे कारण निराळे आहे. ड्रॉपरच्या पेनात शाई कमी झाली की वरच्या रिकाम्या जागेत हवा भरते, मुठीच्या उबेने ती फुगते आणि शाईला खाली ढकलते. शाळेत खिशावर पडलेले निळे डाग आठवत असतील, तर त्यांचा उगम हाच. पाव भाग शाई उरली की पुन्हा भरून घ्यावी, आणि आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावावे.

शाई मात्र शाईच्या पेनासाठी बनवलेलीच वापरावी. चित्रकलेची काळी शाई घातली, तर तिच्यातला काजळीचा थर जिभेत बसतो आणि मग पेन वाचणे कठीण. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनचा आरंभ 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुडीने आणि गोळ्यांनी झाला होता. पुडी पाण्यात कालवून दौत भरण्याचे दिवस गेले असले, तरी साधी धुऊन जाणारी निळी शाई अशा पेनाला अजूनही सर्वात मानवते. वडिलांची निब त्यांच्या हाताच्या तिरपेपणाने झिजलेली असेल, त्यामुळे सुरुवातीला ती कागदाला खरखरेल. पेन बोटांत थोडे फिरवून पाहावे. एखाद्या कोनात ती अचानक गुळगुळीत चालू लागेल, आणि वडील पेन कसे धरत होते ते आपल्याला कळेल.

प्रश्न : खोडता येणाऱ्या जेल पेनाने प्रवासाचा सगळा हिशेब लिहिला होता. मे महिन्यात वही दिवसभर बंद गाडीत राहिली आणि पाने कोरी झाली. असे कसे झाले? (एक वाचक, अकोला)

या पेनांची शाई मुळात खोडली जात नाही, ती उष्णतेने बिनरंगी होते. मागचे रबर घासले की घर्षणाने तेवढी उष्णता निर्माण होते, आणि साधारण ६० अंश सेल्सिअसला रंग जातो. अकोल्याच्या उन्हात काचा बंद असलेल्या गाडीत, पुढच्या काचेखाली, तेवढा ताप सहज होतो. धनादेश, अर्ज आणि परीक्षेचे पेपर यांसाठी हे पेन म्हणूनच कधी वापरू नये. हिशेब मात्र बहुधा अजून वहीतच आहे. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावी; कडक थंडीने अक्षरे पुष्कळदा परत येतात, थोडी फिकट येतात एवढेच. ती दिसू लागली की आधी फोनने फोटो काढून घ्यावा.