जादा दिव्यांचं बटण तापतं

प्रश्न : जुन्या जीपच्या बंपरवर 55 वॉटचे दोन जादा दिवे बसवून घेतलेत. माळशेज घाटातल्या धुक्यात ते लावले की थोड्याच वेळात डॅशबोर्डवरच्या बटणाला हात लाववत नाही, जळका वासही येतो. बटण बदलू का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : नवं बटणही जळेल. 110 वॉट म्हणजे 12 व्होल्टला सव्वानऊ अँपिअर, आणि तो सगळा करंट त्या चिमुकल्या बटणातून जातोय. दुरुस्ती होईपर्यंत दिवे लावूच नका.

मध्ये रिले टाका, म्हणजे बटणाच्या थोड्याशा करंटवर चालणारा आणि दिव्यांचा मोठा करंट स्वतः चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूजमार्गे रिलेच्या 30 नंबरच्या पिनला, 87 वरून दिव्यांना. 86 ला बटणाची वायर, 85 अर्थला, म्हणजे चासीला. वायर तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची. फ्यूज 15 अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. काही जण तो दिव्यापाशी लावतात. मग मधली वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तो काय कामाचा? अर्थसाठी चासीचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा. गंजक्या नटाखाली वायर दडपली की दिवे मिणमिणणारच. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून बसवायची रबरी कडी, हवंच. काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस केबल काढा.

आणि हो, समोरून गाडी आली की हे दिवे बंद!