पुट ऑफ म्हणजे रद्द नव्हे

ट्रेनिंग ‘पुट ऑफ’ झाल्याचा मेल आला, तुम्ही ते रद्द समजलात आणि सोमवारी तुम्ही सोडून सगळे हजर! वर डिक्शनरीत चार अर्थ निघाले, त्यातला कुठला धरायचा, हा तुमचा प्रश्न.

रद्द म्हणजे ‘कॉल ऑफ’. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. ती पुट ऑफ होत राहिली, कॉल ऑफ कधीच झाली नाही.

चार अर्थ पाठ करू नका. ‘ऑफ’ म्हणजे इथे ‘दूर’, एवढंच धरा. काम तारखेपासून दूर सारलं की ढकललं. माणसाला दूर सारलं की टोलवलं: गळतीचं विचारलं की आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ‘पुढच्या मीटिंगला बघू’ म्हणतात, ‘ही पुट्स मी ऑफ’. आणि मनच दूर गेलं तर? आपण म्हणतो वासना उडाली. भर गर्दीच्या लोकलमध्ये कुणीतरी सुक्या बोंबलाची पिशवी घेऊन चढतं, तेव्हा ‘द स्मेल पुट मी ऑफ’. (मला नाही, मी मालवणचा.) बॅटिंग करताना मागून कुणी बडबडलं आणि लक्ष उडालं, तरी तेच: ‘डोन्ट पुट मी ऑफ’.

मी स्वतः यात आपटलोय. अंधेरीत नोकरीला नवा होतो. साहेब म्हणाले, क्लायंट किमतीमुळे ‘पुट ऑफ’ झालाय. मला वाटलं, त्याने निर्णय पुढे ढकललाय. पंधरा दिवस फोनच केला नाही. तो बिचकला होता. तेव्हाच बोललो असतो तर कदाचित टिकला असता.

वाक्यात वापरताना दोन चुका हमखास होतात. ‘पुट ऑफ इट’ चालत नाही, ‘पुट इट ऑफ’ म्हणा; ‘इट’, ‘हिम’, ‘मी’ असे शब्द मध्येच बसतात. आणि पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लावायचं: डेंटिस्टकडे जायचं टाळतोय म्हणजे ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’. इथे ‘टू गो’ चुकीचं.

‘पुट ऑफ द लाइट’ म्हणजे दिवा घालवणे, तेही बरोबर, पण ‘टर्न ऑफ’ जास्त कानावर पडतं.

असा मेल पुन्हा आला तर त्यात ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’ शोधा. त्याच्यापुढेच नवी तारीख असते. नसेल तर सरळ विचारा, ‘अन्टिल व्हेन?’