तारीख देवानं दिली होती का?

"इतकी वर्षं मागूनही देव देत नाही, म्हणजे माझाच विश्वास कमी पडतो का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे लग्न रखडलेले येतात, नोकरीसाठी थांबलेले येतात, नवऱ्याची दारू सुटावी म्हणून रोज गुडघे टेकणाऱ्या येतात. सगळ्यात जास्त येतात त्या मूल नसलेल्या बायका. शीला त्यांतलीच एक. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिच्या संमतीनंच लिहिते आहे.)

शीला नगरकडची. घरात तिसऱ्या पिढीपासून ख्रिस्ती विश्वास. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून स्टाफ नर्स झालेली. लग्नाला नऊ वर्षं झालेली. पहिल्याच भेटीत तिनं सगळं एका दमात सांगितलं. चाळीस दिवसांची उपास-प्रार्थना झाली, तेलाचा अभिषेक झाला, घरोघरच्या प्रार्थना झाल्या. शेवटी म्हणाली, "ताई, माझं कुठं चुकलं ते सांगा, मी कबूल करते."

मी आधी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, जीव नकोसा होतो का तेही स्पष्ट विचारलं. विश्वासाबद्दल बोलायला आलेल्या माणसालाही हे विचारावंच लागतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिलं, झोप उडाली, कशातच रस उरला नाही, तर डॉक्टरांना दाखवायला हवं आणि त्यात देवावरचा अविश्वास अजिबात नाही. शीलाला मरावंसं वाटत नव्हतं. रविवारी मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, मात्र जावंसं वाटत नव्हतं.

का, ते पुढच्या भेटीत कळलं. तीन वर्षांपूर्वी एका सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं की पुढच्या वर्षी याच सुमारास तुझ्या कडेवर बाळ असेल. सगळी मंडळी आमेन म्हणाली. शीलानं लोकर आणून टोपडी विणली. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागत होता, पण बाळ येणार म्हणून तो दोन वर्षांचा कोर्स सोडून दिला. वर्ष सरलं. मग महिला मंडळातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी जवळ घेऊन म्हटलं, "तू मनात शंका घेतली असशील गं." मूल नसण्यानं ती इतकी मोडली नव्हती, जितकी या एका वाक्यानं मोडली.

तिच्या घरी भिंतीवर बायबलमधल्या यिर्मया या पुस्तकातलं २९:११ हे वचन लावलेलं आहे. आपल्या निम्म्या घरांत असतंच. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे विचार आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हांला भविष्य आणि आशा द्यावी असे आहेत, या अर्थाचं ते वचन. मी तिला म्हटलं, आज आपण हे अठ्ठाविसाव्या अध्यायापासून वाचू.

तिथं हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. यरुशलेमेतले लोक इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला (बॅबिलोनला) पाडाव, म्हणजे कैद, करून नेलेले. घरं, शेतं, मंदिर सगळं मागं राहिलेलं. हनन्या मंदिरात, सगळ्यांसमोर, देवाच्या नावानं सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. दुःखी लोकांना हवी असते तशी तारीखच त्यानं दिली. यिर्मया हाही संदेष्टाच, तोही आधी आमेन म्हणतो, परमेश्वर असंच करो म्हणतो. लोक सुटावेत असं त्यालाही वाटत होतंच. पण देवानं हनन्याला पाठवलेलं नव्हतं. त्यानंतरच्या अध्यायात यिर्मयानं त्या पाडाव झालेल्यांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्यात काळ आहे सत्तर वर्षांचा. तो दहाव्या वचनात येतो. भिंतीवरचं वचन त्याच्या लगेच पुढचं.

शीला बराच वेळ ते पान बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मला सांगितलेलं वर्ष देवाचं नव्हतं?" मी म्हटलं, "त्या दिवशी बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. पण ते वर्ष खोटं ठरलं, तर देव खोटा ठरत नाही आणि तूही ठरत नाहीस."

वाट पाहणाऱ्यांच्या बाबतीत माझं हे ठाम मत झालं आहे. पुष्कळांचा विश्वास देवाच्या विलंबानं मोडत नाही, माणसांनी देवाच्या नावावर लावलेल्या मुदतीनं मोडतो. देवानं ज्याला संततीचं वचन दिलं तो अब्राहाम हारान गावाहून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता आणि त्याचा मुलगा इसहाक झाला तेव्हा शंभर वर्षांचा. पंचवीस वर्षं! त्याला बाळाच्या जन्माचा नेमका काळ सांगितला गेला तो अगदी शेवटी, एकच वर्ष उरलेलं असताना. तोवर नुसतं वचन होतं. शिवाय त्याला मिळालेलं वचन म्हणजे प्रत्येक ख्रिस्ती जोडप्याला मूल देण्याची हमी नव्हे, हेही मी शीलाला सांगितलं. ऐकायला कठीण होतं, पण तिला खोटी आशा पुन्हा कुणी द्यायला नको होती.

त्याच पत्रातलं पाचवं वचन तिनं कधी नीट वाचलं नव्हतं. घरं बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचं फळ खा. सुटका दूर आहे म्हणून जगणं थांबवू नका, असं परमेश्वर पाडाव झालेल्यांना सांगतो. शीलाचा मळा कुठला, हे मला सांगावं लागलं नाही. ती स्वतःच म्हणाली, "अॅडमिशनचे फॉर्म सुटतील आता."

रडण्याचं मात्र राहिलं होतं. नऊ वर्षं ती सगळ्यांना "प्रभूची इच्छा" म्हणून हसून उत्तर देत आली होती. तिला बायबलमधलं तेरावं स्तोत्र मोठ्यानं वाचायला दिलं. पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा विचारतो, किती काळ? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. बायबलमधलीच हन्ना, तीही मूल नसलेली, शिलोच्या मंदिरात इतकी कळवळून रडली की एली याजकाला वाटलं ती दारू प्यायली आहे. खरं कळल्यावर त्यानं तिला शांतीनं जा म्हटलं, देव तुझं मागणं मान्य करो म्हटलं. मग ती जेवली आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. तिचा मुलगा शमुवेल तेव्हा पोटातही नव्हता. शीलानं तिथं बोट ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळेपणानं रडली.

तिच्या नवऱ्याशीही बोलले. शीलाच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, त्यांची एकही नाही. "ताई, आमचा भरवसा प्रभूवर आहे, डॉक्टरांवर नाही," असं ते म्हणाले. मी विचारलं, "मग शीलाला का पाठवलंत?" ते गप्प बसले. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी तपासून घ्यावं, बायकोचं वय पस्तिशीपुढचं असेल तर सहा महिन्यांतच, हे वैद्यकातलं साधं सूत्र आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. प्रार्थनेच्या आड लपून बायकोला एकटीला दोषी राहू देणं, याला मी भरवसा म्हणणार नाही. त्यांना राग आला, पण महिन्याभरानं ते तपासणी करून आले.

बाळांच्या समर्पणाच्या रविवारी शीलाला मंदिरात बसवत नसे. त्या दिवशी घरी राहिलीस तर ते पाप नाही, असं मी सांगितलं. पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, ती स्वतः बोलली. त्यांनी पुढच्या उपासनेत मूल हवं असूनही ज्यांची कूस रिकामी आहे, अशांसाठीही प्रार्थना केली, कुणाचं नाव न घेता. ज्या बाई शंकेचं बोलल्या होत्या, त्यांच्याशी शीलाचं अजून जमलेलं नाही आणि मीही घाई केलेली नाही.

मूल अजून नाही. कोर्सचं पहिलं वर्ष चालू आहे, नवऱ्यावर उपचार चालू आहेत, आणि शीला अजूनही मूल मागते, कधी शांतपणे, कधी चिडून. दत्तक घ्यावं का, यावर दोघांचं एकमत झालेलं नाही. तिचा कल तिकडे आहे, त्यांना अजून थांबायचं आहे. पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचं ठरलं आहे.