वडिलांच्या जठरात ४ सेंमीची गाठ आहे. एंडोस्कोपीतली बायोप्सी नॉर्मल आली, तरी डॉक्टर ‘जिस्ट’ म्हणून ऑपरेशन सांगतात. असं का?

बायोप्सी नॉर्मल येणं इथे नवलाचं नाही. जिस्ट (गॅस्ट्रोइंटेस्टिनल स्ट्रोमल ट्यूमर) ही पचनमार्गाच्या भिंतीतली कर्करोगाच्या प्रकारची गाठ; ती आतल्या अस्तरात नव्हे, त्याखालच्या स्नायूंच्या थरात वाढते. साध्या एंडोस्कोपीचा चिमटा वरचं अस्तरच खुडून आणतो. खोलवरचा तुकडा हवा तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमधून सुई घालतात आणि त्यावर जिस्टची ओळख पटवणाऱ्या सीडी११७, डॉग१ या प्रथिनांच्या चाचण्या करतात. पण सीटी स्कॅनवर चित्र स्पष्ट असेल आणि गाठ सहज निघण्यासारखी असेल, तर अनेक सर्जन थेट ऑपरेशन करतात. ही घाई नव्हे.

बहुतेक वेळा गाठीसकट जठराचा छोटा भाग काढतात, पूर्ण जठर नाही. लसीकाग्रंथींना सहसा हात लावत नाहीत, कारण हा आजार तिकडे क्वचितच पसरतो. खरी काळजी एकच: गाठ फुटता कामा नये. फुटली तर पेशी पोटात सांडतात आणि आजार उलटण्याचा धोका फार वाढतो. म्हणून दुर्बिणीतूनही ती पिशवीत घालूनच बाहेर काढतात.

पुढे इमॅटिनिब (जिस्टच्या पेशींची वाढ रोखणारं औषध) लागेल का, हे गाठीचा आकार, जागा आणि पेशीविभाजनाचा वेग पाहून ठरतं. धोका जास्त असेल तर साधारण ३ वर्षं. त्याआधी म्युटेशन चाचणीबद्दल (गाठीच्या जनुकांतले बदल शोधणारी चाचणी) जरूर विचारा. पीडीजीएफआरए जनुकात डी८४२व्ही बदल असेल तर हे औषध सहसा चालत नाही.